लॉजवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय : माझा अनुभव

तुळजापुरातल्या आमच्या १२ खोल्यांच्या लॉजवर काउंटरचा कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि भाविकांचे मोबाइल, सगळं एकाच वायफायवर होतं. खोलीतल्या कुणाच्याही मोबाइलवर डीव्हीआरचं लॉगिन पान उघडायचं. तिथंच धोका होता.

पहिली जोडणी चुकली. इंटरनेट आणणाऱ्या फायबरच्या डब्याला दुसरा साधा राउटर जोडून तो पाहुण्यांना दिला. नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, तरी पाहुण्यांच्या वायफायवरून १९२.१६८.१.५० हा डीव्हीआरचा पत्ता टाकला की तो हजर! आतल्या, म्हणजे या दुसऱ्या राउटरच्या लेखी वॅन पोर्टापलीकडचं (इंटरनेटची तार लागते त्या भोकापलीकडचं) सगळं म्हणजे इंटरनेट, आणि आपलं काउंटर नेमकं त्याच बाजूला बसलेलं. मग तो अडवणार कशाला? दोनच डबे असतील तर जोडणी उलटी करा: पाहुणे फायबरच्या डब्यावर, काउंटर आतल्या राउटरमागे. डब्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड मात्र आधी बदला, कारण त्याचं पान आता पाहुण्यांसमोर असतं.

आमच्याकडं दगडी भिंतींमुळं मागच्या खोल्यांत रेंज पोचत नव्हती, म्हणून व्हीलॅन (एकाच तारेवर वेगवेगळी जाळी) चालवणारा राउटर, ५ पोर्टांचा पीओई (केबलमधूनच वीज देणारा) स्मार्ट स्विच आणि वायफाय पसरवणारे दोन अ‍ॅक्सेस पॉइंट घेतले. काउंटर व्हीलॅन १० वर, पाहुणे २० वर. साधा स्विच इथं घेऊ नका. व्हीलॅनचे पोर्ट त्यात ठरवताच येत नाहीत. केबल शुद्ध तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण लांब अंतरावर तिच्यात व्होल्टेज पडतं आणि अ‍ॅक्सेस पॉइंट मधूनच बंद होऊन परत सुरू होतो.

राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे काय जाऊ द्यायचं नि काय अडवायचं त्या नियमांत, पाहुण्यांना राउटरकडून फक्त डीएचसीपी (मोबाइलला पत्ता देणारी सेवा) आणि डीएनएस (साइटच्या नावाचा पत्ता सांगणारी सेवा) मिळू दिलं. त्याखाली १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ हे आतल्या जाळ्यांत वापरायच्या खासगी पत्त्यांचे तिन्ही पट्टे बंद, आणि सगळ्यात शेवटी इंटरनेट मोकळं. क्रम महत्त्वाचा. नियम वरून खाली तपासले जातात. मोकळीक वर गेली की खालची बंदी नुसती नावाला उरते.

क्लायंट आयसोलेशन (एका पाहुण्याचा मोबाइल दुसऱ्याच्या मोबाइलपर्यंत पोचू न देणं) चालू केलं, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं जोडायची सोय) बंद. आयसोलेशन दोन वेगवेगळ्या अ‍ॅक्सेस पॉइंटांमध्ये लागू होईलच असं नाही. एक मोबाइल खाली, एक वर ठेवून एकावरून दुसऱ्याला पिंग करून (उत्तर येतं का ते तपासून) बघाच.

खरी कसोटी नवरात्रात आणि कोजागरीला. एका खोलीत पाच माणसं धरली तर ६० मोबाइल, आणि दिवसात खोली दोनदा बदलली की १२०. राउटरच्या यादीत मोबाइलांना वाटायचे पत्ते १०० आणि दिलेला पत्ता राखून ठेवायची मुदत २४ तासांची. सकाळी गेलेल्या भाविकाचा पत्ता रात्रीपर्यंत अडकून राहतो आणि नव्या मोबाइलवर ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ एवढंच फिरत राहतं. लोक नेट गेलं म्हणतात, पण नेट ठणठणीत असतं. मी यादी १९२.१६८.२०.१० ते २५० केली, मुदत २ तास. प्रत्येक मोबाइलला ५ एमबीपीएस वेगाची मर्यादा घातली. यूपीआय आणि व्हिडिओ कॉलला तेवढं पुरतं.

पासवर्ड डब्ल्यूपीए२ या सुरक्षा पद्धतीचाच ठेवला, जुने फोनही जोडले जातात. दर महिन्याच्या १ तारखेला तो बदलतो आणि नवा क्यूआर काउंटरवर लावतो. भिंतीवर आता पासवर्ड लिहिलेला नाही.