किती पडला?

रात्री पाऊस झालेला असला की सकाळी आमच्या कट्ट्यावर येणारा माणूस रामराम घालत नाही. तो चपलांचा चिखल कडेच्या दगडाला पुसतो, ओल्या कट्ट्यावर वर्तमानपत्राची घडी टाकतो आणि नीट टेकण्याआधीच विचारतो, "किती पडला?" हा प्रश्न कोणा एकाला उद्देशून नसतो. त्याचे उत्तर प्रत्येकाजवळ असते आणि प्रत्येकाचे वेगळे असते, म्हणूनच पुढचा तास-दीड तास बरा जातो.

आम्ही चौघे आहोत. नोकरीच्या निमित्ताने या तालुक्याच्या गावी आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. एक जण माध्यमिक शाळेत गणित आणि भूगोल शिकवत असत, एक एसटीत वाहक होते, एक पाटबंधारे खात्यात पाटकरी होते आणि मी तहसील कचेरीत कारकून होतो. एसटीच्या वाहकालाही प्रवासी मास्तर म्हणत असल्यामुळे सुरुवातीला आमच्यात दोन मास्तर झाले आणि एकाला हाक मारली की दोघेही वळू लागले. शेवटी शिक्षक तेवढे 'सर' झाले आणि वाहक 'मास्तर' राहिले, याचे सरांना अजूनही थोडे वाईट वाटते. पाटकऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. मला सगळे भाऊसाहेब म्हणतात, कारण कचेरीतल्या कारकुनाला आपल्याकडे दुसरे नाव नसते. चौघांचेही निवृत्तिवेतन, पाऊस पडो वा न पडो, महिन्याच्या सुरुवातीला बँकेत जमा होते. गावाकडे थोडी कोरडवाहू जमीन राहिली आहे ती फक्त आबांची, आणि तीही त्यांचा पुतण्या कसतो. तरीही आकाशात ढगाचा एक पुंजका दिसला की आमच्या चौघांच्या माना एकदमच वर जातात.

'किती पडला?' या प्रश्नाचे अधिकृत उत्तर देण्याचे काम माझ्याकडे अनेक वर्षे होते, हे मला थोड्या अभिमानाने सांगायला हवे. कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक होता. वर नरसाळे, आत बाटली आणि सोबत रेघा आखलेली काचेची मोजनळी. सकाळी साडेआठ वाजता शिपाई बाटलीतले पाणी मोजनळीत ओतत असे, मी डोळा रेघेच्या पातळीवर आणून आकडा वाचत असे, वहीत लिहीत असे आणि जिल्ह्याला कळवत असे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मागच्या चोवीस तासांत पडलेला पाऊस ज्या दिवशी मोजला त्या तारखेला मांडतात. त्यामुळे लोक ज्याला 'कालचा पाऊस' म्हणत, तो माझ्या वहीत आजच्या तारखेला असे. अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झाला, तर तो दिवस हवामान खाते पावसाचा म्हणून धरतच नाही. माणसे भिजलेली असत, दोरीवरचे कपडे ओले झालेले असत, पण शास्त्राच्या दृष्टीने तो दिवस कोरडाच असे.

एका वर्षी सप्टेंबरात रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी मोजनळीत ६१.२ मिलिमीटर आले आणि मी ते लिहिले. दुपारी एक शेतकरी कचेरीत आला. त्याच्या पोटऱ्यांवर चिखल वाळून त्याचे पापुद्रे निघत होते. त्याने नुकसानीचे काही विचारले नाही, फक्त म्हणाला, "भाऊसाहेब, किती लिहिलाय?" मी आकडा सांगितला. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की महसुलाच्या भाषेत अतिवृष्टी होते, हे त्याला माझ्याइतकेच चांगले ठाऊक होते. तो क्षणभर थांबला आणि शांतपणे म्हणाला, "म्हणजे चार मिलिमीटर कमीच पडला की. मग माझा बांध कुणी नेला?" त्याचे शिवार कचेरीपासून बऱ्याच अंतरावर, ओढ्याच्या काठाला होते आणि पर्जन्यमापक कचेरीच्या आवारात होता. मी बरोबर वाचले होते, बरोबर लिहिले होते आणि मला उत्तर देता आले नाही. कट्ट्यावर कोणी 'किती पडला?' म्हटले की मला अजूनही आधी तोच माणूस दिसतो, आणि म्हणून मी इतरांना आधी बोलू देतो.

सर मात्र कोणाची वाट पाहत नाहीत. त्यांच्या गच्चीवर सरळ भिंतीचा एक डबा ठेवलेला असतो आणि त्यात ते पट्टी उभी करून पाऊस मोजतात. एवढ्यावर त्यांचे समाधान होत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी आणि एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर, तेव्हा रात्री २५ मिलिमीटर झाला असेल तर आबांच्या एका एकरावर एक लाख लिटर पाणी पडले, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर, असा हिशेब ते फळ्यापुढे उभे असल्यासारखा हवेत बोट फिरवून मांडतात. आबा ते ऐकून घेतात आणि विचारतात, "आणि त्यातलं रानात राहिलं किती, सर?" सरांच्या डब्याला ते सांगता येत नाही.

नक्षत्रांचा विषय निघाला की सर आणखी खुलतात. सूर्य जूनच्या सात-आठ तारखेला मृगात जातो आणि तिथून पुढे साधारण तेरा-चौदा दिवसांनी एकेक नक्षत्र बदलत स्वातीपर्यंत पाऊसकाळ चालतो, एवढे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. कोणत्या नक्षत्राचे वाहन काय, बेडूक की म्हैस की गाढव, हेही पंचांगात पाहून मास्तर आधीच सांगून ठेवतात, आणि वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाले की त्यांचा चेहरा उजळतो. पण सरांनी एकदा सांगितले की नक्षत्रे ताऱ्यांवरून मोजतात आणि ऋतू सूर्य विषुववृत्ताच्या किती वर-खाली आहे त्यावरून ठरतात. ही दोन वर्षे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यांच्यात वीसेक मिनिटांचा फरक पडतो. ही मिनिटे साठत गेली की सुमारे ७२ वर्षांत मृग एक दिवस पुढे सरकतो. म्हणजे आपल्या खापरपणजोबांचा मृग दोनेक दिवस आधी निघत होता आणि आणखी काही हजार वर्षांनी मृग निघेल तेव्हा पावसाळा संपत आलेला असेल. यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मास्तर म्हणाले, "दोन दिवसांचं काय घेऊन बसलात सर, हल्ली पाऊस पंधरा पंधरा दिवस येत नाही, आणि आला तर महिन्याचा एका रात्रीत येतो." सरांनाही ते मान्य करावे लागले.

सगळ्या नक्षत्रांत आमचे आवडते पुष्य. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागणाऱ्या पुनर्वसूचा तो 'तरणा' पाऊस आणि त्यानंतर वीस जुलैच्या आसपास सुरू होणाऱ्या पुष्याचा तो 'म्हातारा'. ही नावे ज्या कोणी ठेवली त्याने पाऊस आणि माणूस दोन्ही नीट पाहिले असावेत. तरणा धावून येतो, गाजावाजा करतो, ओढ्याला पाणी आणतो आणि निघून जातो. म्हातारा आवाज करत नाही, पण एकदा बसला की उठतही नाही. दिवस दिवस रिपरिप लावतो, घरच्यांना वैताग आणतो, कपडे वाळू देत नाही. "जमिनीत मुरतो तो म्हातारा," असे आबा दर वर्षी एकदा म्हणतात आणि आम्ही दर वर्षी ते नव्याने ऐकल्यासारखे हसतो. सुनांना मात्र कट्ट्यावरची ही रिपरिप आणि घरातली रिपरिप यांत फारसा फरक वाटत नसावा.

मास्तरांचे मोजमाप सर्वांत न्यारे होते आणि ते मला निवृत्तीनंतर कळले. ते पाऊस गाडीत बसलेल्या माणसांच्या पायांवरून ओळखत. सकाळची पहिली गाडी घेऊन ते एका टोकाहून निघत, तेव्हा पहिल्या तीन-चार थांब्यांवर चढणाऱ्यांच्या चपला कोरड्या असत, मग एका फाट्यापासून पायऱ्यांवर काळ्या चिखलाचे गोळे पडू लागत आणि पुढे एक टेकाड ओलांडले की पुन्हा धूळ. "मृगाचा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं राहतं म्हणतात ना, ते मी तिकिटं फाडता फाडता बघितलंय," असे ते सांगतात. मृगाचे ढग उन्हाने तापलेल्या जमिनीवर जागच्या जागी उभे राहतात आणि तिथेच रिकामे होतात, म्हणून असे होते. पायऱ्यांवरचा चिखल नुसता ओला असला तर पावसाची सर येऊन गेली, चपलांना चिकटून जाड थर झालेला असला तर पाऊस चांगला झाला आणि माणसे चपला हातात घेऊन चढली तर त्या शिवारात आज कोणी कामाला जाणार नाही, असा त्यांचा हिशेब असे. माझ्या वहीत तालुक्याच्या गावचा एकच आकडा होता. मास्तरांच्या गाडीत पंधरा थांब्यांचे पंधरा आकडे रोज चढत आणि उतरत होते, आणि डेपोत परतल्यावर गाडी धुतली की तेही वाहून जात.

आबा तर पाऊस मोजतच नसत, त्यांच्यासाठी तो आपोआप मोजला जाई. कालव्याचे पाणी हवे असले की शेतकऱ्याला सात नंबरचा फॉर्म भरून द्यावा लागतो. पाळी जवळ आलेली असताना फॉर्मांची रीघ लागली की आबांनी समजायचे, रानात ओल नाही. आणि आदल्या दिवशी भांडून नंबर लावलेला माणूस दुसऱ्या दिवशी फिरकलाच नाही की समजायचे, त्याच्याकडे झाला. आबांचे म्हणणे असे, की माणूस भांडायचा थांबला तेवढा पाऊस खरा.

१९७२च्या दुष्काळाचा विषय आमच्यात फार निघत नाही. त्या वर्षी चौघेही शाळकरी वयाचे होतो. आबा आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जात, मास्तर खडी फोडायला. दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची चव दोघांनाही आठवते आणि ती चांगली होती की वाईट यावर दोघांचे अजून एकमत नाही. ज्या तलावाची माती आबांनी डोक्यावरून वाहिली, त्यात आता उन्हाळ्यात गाळ दिसतो. त्याबद्दल ते एवढेच म्हणतात, "भरला होता, दोन-चारदा."

मागच्या जूनमध्ये एका सकाळी आबांनी मला त्यांच्या रानात नेले. आदल्या दोन दिवसांत चांगला पाऊस झाला होता. सरांच्या डब्यात ४३ मिलिमीटर होते आणि पुतण्या पेरणीची घाई करत होता. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषी खाते सांगते आणि मीही तेच आबांना सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण बांधावरून खाली उतरून ते उकिडवे बसले, बोटांनी माती उकरली आणि मलाही बसायला लावले. वरची चार बोटे माती काळीभोर आणि थंड होती. त्याखाली हात घातला तर माती कोमट आणि भुसभुशीत लागली. "वरची ओल खालच्या ओलीला भिडली नाही अजून," ते म्हणाले. "आता पेरलं तर उगवेल आणि जळेल." मग त्यांनी वरच्या मातीची मूठ वळून गोळा केला, तो कमरेइतक्या उंचीवरून सोडला, आणि गोळा न फुटता तसाच चपटा होऊन बसला. म्हणजे वापसाही, पेरणीला लागते तेवढीच बेताची ओलही, नव्हता. वर चिखल, खाली कोरडे, आणि दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी बोटांना कळत होत्या. इतकी वर्षे मी पावसाचा आकडा दशांशापर्यंत लिहिला, पण तो पाऊस जमिनीत कुठवर गेला हे पाहायला एकदाही वाकलो नव्हतो. पुतण्या बांधावर उभा राहून मोबाइलवर पुढच्या पाच दिवसांचा अंदाज पाहत होता. त्याने आठ दिवस थांबायचे कबूल केले, थोडे नाराजीने.

आकडा नसलेल्या दिवसांचे मी अजून काही बोललो नाही. पाऊस ताण देतो तेव्हा कट्ट्यावरची बैठक लांबते. पडलेल्या पावसाबद्दल बोलायला तासभर पुरतो, पण न पडलेल्या पावसाबद्दल बोलायला सकाळ पुरत नाही. ऑगस्टमधली गोष्ट आहे. आश्लेषा कोरड्या गेल्या होत्या, मघा लागून चार दिवस झाले होते आणि 'न पडतील मघा तर वरती बघा' हे वाक्य त्या आठवड्यात प्रत्येकाने किमान दोनदा म्हणून झाले होते. मास्तरांनी वाहन सांगितले नाही, म्हणजे ते बरे नसावे. सरांच्या डब्यात कोळ्याने जाळे विणले होते. साडेआठ होत आले तसे मी सवयीने घड्याळ पाहिले आणि आबांच्या ते लक्षात आले.

"काय लिहायचं, भाऊसाहेब?" त्यांनी विचारले.

पाऊस नसलेल्या दिवशी वहीत शून्य लिहायची पद्धत नव्हती. "निरंक," मी म्हणालो.

आबांनी मान डोलावली, डोळ्यांवर हात धरून पश्चिमेकडे पाहिले आणि म्हणाले, "टेकाडामागं थोडं आभाळ आहे." आम्ही तिघेही वळून पाहू लागलो. मला तिथे काही दिसले नाही, पण मी हो म्हणालो.