युरियाचा तिढा सुटला: उष्णता बाहेरून येत होती

मंडळी, युरियाचा आकडा अखेर जमला. मागचं थोडक्यात: मी घरीच तांब्याच्या कपात रासायनिक क्रियांची उष्णता मोजतो, तापमान किती बदललं त्यावरून. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोड्याच्या उदासिनीकरणाला मोलला ५६ किलोज्यूल येत होते, म्हणजे पुस्तकातल्या ५७ ला अगदी लागून. त्याच तांब्याच्या कपात, त्याच फेल्टच्या (दाबलेल्या लोकरी कापडाच्या) पेटीत युरिया विरघळवला की मात्र, तो पाण्यातली उष्णता शोषून पाणी थंड करतो ती, मोलला १५ किलोज्यूलच्या जागी साडेतेरा. तेही दर वेळी कमीच, एकदाही जास्त नाही.

पहिला संशय युरियावरच होता. भावोजींनी उसाला आणलेल्या पोत्यातला तो, कडुनिंबाचं तेल लावलेला. म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा मागवला. चौपट भाव, देखणी बाटली, आणि आकडा तोच. तेव्हा या कामासाठी कुणी महागडा युरिया घेऊ नये, पोत्यातला पुरतो. मग थर्मामीटर तपासला. बर्फात शून्य, उकळत्या पाण्यात ९७.५. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, इथे पाण्याला तेवढंच जमतं, त्यामुळे थर्मामीटर निर्दोष सुटला. डीएस१८बी२० हा तापमानाचा इलेक्ट्रॉनिक सेन्सर वापरणाऱ्यांना पुन्हा सांगतो, त्याची हमी अर्ध्या अंशाची आहे. सात-आठ अंशांच्या फरकासाठी दशांशाच्या खुणांचा काचेचा थर्मामीटरच घ्या.

खरा गुंता उष्णतेच्या गळतीचा होता. शीतकरणाचा स्थिरांक, म्हणजे कप आणि खोलीच्या तापमानातल्या फरकामागे उष्णता किती वेगाने जाते-येते तो आकडा, मी गरम पाण्यावर काढलेला आहे. ३५ अंशांचं पाणी पेटीत ठेवायचं, दर मिनिटाला नोंद, आलेख. आम्ल-अल्कलीला तो तंतोतंत लागू पडतो. पण युरियाने पाणी सोळा अंशांवर आलं की ते परत तापायचा वेग या स्थिरांकाच्या हिशेबापेक्षा बराच जास्त. कप तोच, पेटी तीच. मग बाहेरची उष्णता थंड कपातच एवढ्या घाईने का शिरते?

परवा कप पेटीतून उचलला तर फेल्ट बोटांना ओलसर लागला. मनात आलं, कप गळतोय. उद्यमबागेतल्या कारागिराने तो लेथवर एका पत्र्यातून ओढून दिलाय, जोड कुठेच नाही, तरी शंका आलीच. खडेबाजारातून घेतलेला सोनाराचा काटा काढला, ०.०१ ग्रॅमचा. पाणी आणि ढवळणीसकट कपाचं वजन आधी केलं, युरिया वेगळा तोलला, विरघळवून आठ मिनिटांनी पुन्हा सगळं काट्यावर. गळत असेल तर वजन घटायला हवं. ते ०.१५ ग्रॅमने वाढलं होतं!

उजेडात धरून पाहिलं. पाण्याच्या पातळीपर्यंत तांबं धुरकट, त्यावर बारीक थेंबांची साय, बोट फिरवलं की लखलखीत रेघ. पातळीच्या वर मात्र तांबं जवळजवळ कोरडं. दव.

आता हिशेब बघा. १०० ग्रॅम पाण्यात १५ ग्रॅम युरिया, म्हणजे पाव मोल. मोलमागे दीड किलोज्यूल कमी, म्हणजे प्रत्यक्षात ३७५ ज्यूल गायब. या तापमानाला एक ग्रॅम बाष्पाचं पाणी होताना सुमारे २४५० ज्यूल बाहेर पडतात, आणि ते कपालाच मिळतात. ०.१५ ग्रॅमचे झाले ३६७. हा आकडा वहीत उतरला तेव्हा मी खुर्चीतून उठून अंगणात फेरी मारून आलो.

टिळकवाडीत जुलैमध्ये दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, त्या हवेत सोळा अंशांचं तांबं ठेवल्यावर दुसरं काय होणार? दवबिंदूही, म्हणजे दव धरायला लागतं ते तापमान, त्याच कपावर काढला. पाण्यात बर्फाचे बारीक तुकडे टाकत ढवळत गेलो, तांबं २१ अंशांना धुरकटलं. त्याच्या वर राहिलं तर दव नाही. म्हणून पाणी २९.५ अंशांपासून सुरू केलं, शेवट झाला २१.७ वर, खोली २५. रम्फर्डच्या नावाने चालणारी जुनी युक्तीही यातच साधते: खोलीपेक्षा जितकं वर सुरू करायचं, साधारण तितकंच खाली संपवायचं, की आलेली-गेलेली उष्णता बरीचशी फिटते. उत्तर १४.९. फेल्ट कोरडा.

यानंतर मोरचुदाचा क्रम होता, निर्जल आणि स्फटिकी दोन्ही विरघळवून हेसचा नियम (कुठल्याही वाटेने गेलं तरी एकूण उष्णता तेवढीच) तपासायचा. पण निर्जल मोरचूद या हवेत तोलता तोलता निळा पडायला लागेल. तो आता फेब्रुवारी-मार्चमध्ये, हवा कोरडी झाल्यावर.

तोवर, हे लिहिता लिहिताच सुचलंय, दवच मोजू या की! दोन सारखे कप, दोन्हीत सारखंच बर्फाचं थंडगार पाणी. एक उघड्या हवेत, दुसरा ओल शोषणारं सिलिका जेल टाकलेल्या बंद डब्यात. दोघांना मिळालेल्या उष्णतेतला फरक भागिले दवाचं वजन, म्हणजे बाष्पाचा अप्रकट उष्मा (ग्रॅमभर बाष्पाचं पाणी होताना सुटणारी उष्णता) थेट हातात. अडचण एकच, बंद डब्यातली हवा खेळती राहत नाही, तेवढाही फरक पडेल. मग दोन्ही कप डब्यात, एका डब्यात सिलिका जेल आणि दुसऱ्यात ओलं फडकं? हेच बरं. दुसरा कप उद्यमबागेत सांगून टाकतो.

अथणी, जतकडच्या मंडळींना एक विनंती. तुमची हवा इथल्यापेक्षा कोरडी. १०० ग्रॅम पाणी, १५ ग्रॅम युरिया, पाणी खोलीच्याच तापमानाचं, असा प्रयोग करा आणि कपाचं आधीचं-नंतरचं वजन कळवा. ओल्या हवेतल्या खानापूरवाल्यांनो, तुम्हीही करा, पण एक फेल्ट वाळेपर्यंत वापरायला दुसरा जवळ ठेवा.