पुसून परत बघ

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी इन्स्पेक्शनला आहे. आमच्याकडं एमपीआयची, म्हणजे चुंबकीय भुकटीनं तडे शोधायची, एक अंधारी केबिन आहे. कास्टिंगमध्ये चुंबकत्व भरायचं, लोखंडाची बारीक भुकटी मिसळलेलं द्रव त्यावर सोडायचं आणि अतिनील दिव्याखाली बघायचं. तडा असेल तिथं भुकटी गोळा होते आणि पिवळसर हिरवी रेघ उजळते. केबिनचा पडदा ओढल्यावर लगेच जॉबला हात लावायचा नाही, डोळे अंधाराला सरावेपर्यंत निदान मिनिटभर गप्प उभं राहायचं, हा तिथला पहिला नियम. दुसरा नियम त्याहून मोठा. आकार एकदम बदलतो अशा कोपऱ्यात तडा नसतानाही भुकटी जमते आणि रेघ दिसते. म्हणून दिसलं की पुसायचं आणि पहिल्यापासून परत करायचं. त्याच जागी रेघ परत आली तरच ती खरी.

त्या दिवशी फाल्गुनातली अमावास्या होती. आयटीआय करून आलेला एक पोरगा वर्षभर माझ्या हाताखाली त्या केबिनमध्ये काम करतो. दुपारी त्यानं एक स्टीअरिंग नकल, म्हणजे गाडीचं चाक वळवणारा भाग, बाजूला काढून ठेवली. मी बघितलं, मला काही दिसलं नाही. "पास कर," म्हटलं. त्यानं मान हलवली, पण जॉब पुढं ढकलला नाही. पुसलं, परत केलं. परत पुसलं, परत केलं. तिसऱ्या वेळी मला आत बोलावून म्हणाला, "साहेब, सरळ बघू नका, जरा बाजूनं बघा." केसाएवढी रेघ होती. तिथं ग्राइंडर फिरवल्यावर तडा नुसत्या डोळ्यांना दिसला.

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. बाजूनं बघायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी स्वतः ते शिकलो होतो ते दुर्बिणीवर, आणि तेही बऱ्याच वर्षांनी. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध जिथं आपण नजर रोखतो तिथं अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी नसतातच, त्या कडेला दाटीनं असतात. म्हणून अंधूक वस्तू बघायची तर नजर तिच्या शेजारी ठेवायची.

"रात्री येतोस का पन्हाळ्याच्या पलीकडं? घरी विचारून ये, उद्या पाडवा आहे."

आमची दुर्बीण सोळा इंची आहे, म्हणजे आरशाचा व्यास 406 मिलिमीटर. आरसा मी आणि तात्यांनी मिळून घासला. तात्या उद्यमनगरातले जुने पॅटर्नमेकर, साच्यासाठी लाकडी नमुने करणारे. लाकडी पेटी, तिच्या कडेची अर्धगोल बेअरिंग, सगळं त्यांच्या हातचं. खाली टेफ्लॉनच्या चकत्या, मोटर नाही, हातानं ढकलायची. या घडणीला डॉब्सोनियन म्हणतात. ज्या जॉन डॉब्सन यांच्यामुळं ती जगभर पसरली ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत बरीच वर्षं संन्यासी होते. तात्यांना मात्र अठराव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल जवळचा वाटतो. त्या काळी आरसे काचेचे नसत, तांबं आणि कथील ओतून बनवत. 1781 साली बाथ गावात हर्शेलनं तीन फुटी आरसा ओतायला घेतला, घोड्याच्या लिदीचा साचा केला, पण ओतायच्या वेळी भट्टीच गळली, वितळलेला धातू फरशीवर आला, फरश्या तडातड उडायला लागल्या आणि सगळ्यांना पळावं लागलं. भट्टी गळणं म्हणजे काय हे ज्यानं बघितलंय त्यालाच ही गोष्ट पुरती कळते.

मसाई पठाराच्या पायथ्याशी ओळखीच्या एका शेतकऱ्याचा पडीक माळ आहे. आठच्या सुमाराला पोचलो. आग्नेयेला कोल्हापूरचा उजेड असतोच, आणि हस्त नक्षत्र त्या उजेडातूनच वर येतं. साडेदहाला ते जरा मोकळं होतंय तोवर खालच्या बाजूला कुणीतरी उसाचा पाला पेटवला. तांबडा जाळ, मग धुराचा पट्टा. आकाश बघणाऱ्याला आमच्या भागात ढगांइतकाच हा पाल्याचा धूर नडतो. पाला जमिनीत कुजवला तर रानालाही खत मिळतं, पण दरवर्षी हेच चालतं. तात्या म्हणाले, "घाई करू नगोस. डोळा मुरू दे." दीड तास आम्ही नुसते बसून होतो. टिटवी ओरडत होती. मोबाईल तिघांचेही गाडीत बंद करून ठेवले होते.

बारानंतर धूर विरला. हस्त दक्षिणेला चांगला वर आला होता, पाच तारे पंजासारखे स्वच्छ. त्यातल्या वरच्या, पश्चिमेकडच्या ताऱ्यापासून सुमारे साडेतीन अंशांवर मला जायचं होतं. तिथं एनजीसी या सूचीतल्या 4038 आणि 4039 या दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या आहेत. 1785 साली हर्शेललाच त्या सापडल्या. फोटोत त्यांच्यापासून दोन लांब शेपट्या निघालेल्या दिसतात, किड्याच्या मिशांसारख्या, म्हणून नाव पडलं अँटेना. हॉल्टन आर्प यांनी 1966 साली विचित्र दीर्घिकांचा जो अॅटलास काढला, त्यातल्या 338 नोंदींमध्ये ही 244वी. शेपट्या कशानं होतात यावर बरीच वर्षं वाद होता. 1972 साली टूम्रे बंधूंनी संगणकावर ताऱ्यांच्या दोन तबकड्या एकमेकींजवळून नेऊन दाखवल्या. चंद्र समुद्राला ओढून भरती आणतो, त्याच जातीची ओढ इथं ताऱ्यांना उपसून बाहेर फेकते. यात तारे ताऱ्यांवर आदळत नाहीत, त्यांच्यात अंतरंच तेवढी आहेत. वायूचे ढग मात्र एकमेकांवर दाबले जातात आणि नवे तारे झुंडीनं पेटतात.

हे सगळं मला माहीत होतं, आणि तीच माझी अडचण होती. तीन वर्षं माझ्या वहीत या जोडीसमोर एकच नोंद आहे: "दक्षिणेची शेपटी? शंका." फोटो इतक्या वेळा बघितलाय की शेपटी कुठं हवी हे हाताला पाठ आहे. डोळ्यांना दिसली की डोक्यानं काढून दिली, हे मला ठरवता येत नव्हतं.

पोरानं तो फोटो कधी बघितला नव्हता. मी दुर्बीण लावली, दहा मिलिमीटरची नेत्रिका बसवली, 180 पट. त्याला तांबडी बॅटरी, पेन्सिल आणि वर्तुळ काढलेला कागद दिला. "काय आहे ते सांगणार नाही. दिसेल तेवढंच काढ."

वीस मिनिटं तो काही बोलला नाही. दुर्बीण पुढं ढकलायचा, डोळा लावायचा, काढायचा, परत लावायचा. मग म्हणाला, "काजूगरागत काहीतरी हाय. मधी खाच हाय."

बरोबर होतं. दोन गाभे आणि मधली खाच मलाही दरवेळी दिसते. मी "हूं" म्हणून गप्प राहिलो. आवाजातनंसुद्धा काही कळू द्यायचं नव्हतं.

आणखी दहाएक मिनिटांनी: "साहेब, याला एक रेघ हाय. केसागत. बघाय गेलं की जातीया, बाजूला बघितलं की येतीया."

कागद बघितला. काजूगराच्या एका बाजूनं निघून वळत गेलेली फिकट रेघ, काजूगराच्या दीडपट लांब. दुर्बीण थांबवून तारे कुठल्या बाजूला सरकतात त्यावरून पश्चिम ठरवली, नळी जरा ध्रुवाकडं ढकलून उत्तर ठरवली. रेघ दक्षिणेला वळत होती. माझ्या छातीत धडधडत होतं. पण केबिनचा नियम इथंही तोच. कागद काढून घेतला आणि म्हटलं, "पुसून परत बघ."

त्याला पाठ फिरवून बसायला सांगितलं. दुर्बीण मुद्दाम दुसरीकडं नेली. हस्ताच्या चौकोनातच एनजीसी 4361 नावाची बिंबाभ्रिका, म्हणजे मरत्या ताऱ्यानं सोडलेल्या वायूचा गोळा, आहे, तितकीच अंधूक, गोल, शेपटीबिपटी नसलेली. ती लावून त्याला बोलावलं, नवा कागद दिला. त्यानं गोल काढला, मधे टिंब दिलं आणि खाली लिहिलं: "रेघ न्हाई." मग परत अँटेनावर, परत कोरा कागद. रेघ आली, त्याच बाजूला, जरा आखूड. परत एकदा पुसलं. तिसऱ्या कागदावरही आली.

तात्यांनी तिन्ही कागद तांबड्या उजेडात एकावर एक धरून बघितले आणि नुसतं "हाय की" म्हणाले.

तेव्हा त्याला सगळं सांगितलं. हा उजेड तिथून निघाला त्याला साडेसहा-सात कोटी वर्षं झाली. साधारण त्याच काळात, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, आपण बसलोय तो दख्खनचा काळा पाषाण वितळलेला होता, थरावर थर वाहत होता. पोरगा भट्टीशेजारी काम करणारा, त्याला वितळलेलं काय असतं ते सांगावं लागत नाही. त्यानं तळहात शेजारच्या दगडावर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

शेवटी मी डोळा लावला. नळीला बोटानं हलकेच टिचकी मारली, कारण अंधूक वस्तू हलली की डोळ्याला लवकर सापडते. दोनदा, तीनदा, क्षणभर काहीतरी दक्षिणेला सरकल्यासारखं वाटलं. पण मी ते आधीच बघून बसलो होतो, त्याच्या कागदावर. वहीत लिहिलं: "मी: दोन्ही गाभे, खाच स्पष्ट. शेपटी माझ्याकडून धरू नये." त्याखाली पोराचं नाव लिहून: "दक्षिणेची शेपटी. तीनदा. आधी माहिती नव्हती."

साडेतीनला हस्त पश्चिमेला कलला, धूर परत आला आणि आम्ही आरशावर झाकण ठेवलं. गाडीत तात्या म्हणाले, तिन्ही कागदांवरून एक चांगलं चित्र काढून वहीत लावू, बघायला बरं दिसंल. मागच्या सीटवरून आवाज आला, "नको तात्या. तिन्ही लावा. दुसऱ्यात आखूड आलीया, ती तशीच राहू दे."

घरी गुढी उभारून झाल्यावर मी तिन्ही कागद डिंकानं वहीत चिकटवले, ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं.