चमकी दुसऱ्याच बाजूला

गेल्या मे महिन्यात भावाने मुंबईहून निरोप पाठवला की आईचा एक चांगला फोटो काढून ठेव, नव्या घरात लावायचा आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी आई पडवीत बसून रायवळ आंब्यांची अढी लावत होती. मी तिच्या अगदी समोर बसून, हातभर अंतरावर फोन धरून चार-पाच फोटो घेतले. तिने पदराला हात पुसले, फोन हातात घेतला, बराच वेळ पाहिले आणि तो परत माझ्याकडे देत म्हणाली, "हो फोटो माझो न्हय गो. नाक केवढां दिसता बघ, नि चमकी तर दुसऱ्याच बाजूक!"

मी कुडाळच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. शरीरप्रतिमा, म्हणजे आपल्या शरीराचे आपल्याच मनात असलेले चित्र, हा माझ्या आवडीचा विषय आहे. तरीही आईचे हे बोलणे मी आधी वयाची कुरकुर समजून सोडून दिले, याचे मला आजही वाईट वाटते. तिने दोन तक्रारी केल्या होत्या आणि दोन्ही तंतोतंत खऱ्या होत्या.

नाकाची तक्रार निव्वळ भूमितीची आहे. फोन चेहऱ्याच्या फार जवळ असला की नाकाचा शेंडा कानांच्या मानाने भिंगाला बराच जवळ पडतो आणि तेवढ्या प्रमाणात मोठा उमटतो. फोन दूर गेला की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये याचे गणित मांडले, तेव्हा 5 फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा तळ सुमारे 30 टक्के रुंद दिसतो, असे त्यांना आढळले. फोन कितीही महागडा असला तरी हे टळत नाही, कारण दोष अंतराचा आहे. स्वतःच हात लांब करून काढलेल्या फोटोवरून आपले नाक वाईट ठरवणाऱ्या किती मुलामुलींना ही एवढी साधी गोष्ट कोणी सांगितलेली असते?

चमकीची गोष्ट अधिक खोल आहे. आईची चमकी डाव्या नाकपुडीत आहे. पडवीच्या खांबावर टांगलेल्या वीतभर आरशात ती लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी कुंकू लावते, आणि त्या आरशात चमकी तिला तिच्या डाव्या हाताच्याच बाजूला दिसते. फोटोत ती उजवीकडे जाते, कारण फोटो आपल्याला समोरच्या माणसाच्या नजरेने दाखवतो. आपण सारे आयुष्यभर आपला जो चेहरा ओळखीचा मानतो तो आरशातला, उलटा चेहरा असतो; इतरांच्या ओळखीचा चेहरा वेगळा असतो. रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये असे दाखवले होते की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेला पडली, एवढ्यानेच ती आवडू लागते. त्याचा आधार घेऊन मीटा, डर्मर आणि नाइट या तिघांनी 1977 मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी तरुणींचे फोटो घेतले आणि प्रत्येकीची सुलट व उलट अशी दोन चित्रे तयार केली. त्या तरुणींचा कल आरशासारख्या चित्राकडे राहिला आणि त्यांच्या मैत्रिणींचा किंवा प्रियकरांचा कल सुलट चित्राकडे. चेहरा एकच, फोटोही एकच. फरक फक्त कोणी काय रोज पाहिले होते, याचा.

याच्या जोडीला निकोलस एपली आणि एरिन व्हिटचर्च यांचा 2008 मधला अभ्यासही लक्षात ठेवायला हवा. त्यांनी लोकांच्या फोटोत थोडे थोडे सौंदर्य मिसळून किंवा काढून घेऊन अनेक चित्रे तयार केली आणि यांतला तुमचा खरा फोटो ओळखा, असे सांगितले. लोकांनी थोडे अधिक देखणे केलेले चित्र स्वतःचे म्हणून उचलले. मला सर्वांत भावते ते पुढचे: मित्राच्या चेहऱ्याबाबतही तसेच घडले, पण फारशा ओळखीच्या नसलेल्या माणसाबाबत घडले नाही. आपले माणूस आपल्याला थोडे अधिक देखणे दिसते, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला ठाऊक होते. ते प्रयोगाने दाखवता येते, याचा मला आनंद वाटतो.

मनातले हे चित्र किती सहज हलते, हे मी दरवर्षी वर्गात दाखवते. मॅथ्यू बोटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी 1998 मध्ये मांडलेला रबरी हाताचा प्रयोग आम्ही साध्या साहित्यावर करतो. रबरी हातमोज्यात वाळू भरून तो मेजावर ठेवायचा, विद्यार्थ्याचा खरा हात पुठ्ठ्याच्या आड ठेवायचा, आणि रंगकामाचे दोन ब्रश दोन्ही हातांच्या त्याच त्या बोटावरून एकाच वेळी, एकाच लयीत फिरवत राहायचे. थोड्या वेळाने बहुतेकांना स्पर्श त्या मोज्यातच जाणवू लागतो. ब्रश मागेपुढे पडू लागले की भास ओसरतो. यंदा देवगडकडचा एक मुलगा डोळे मोठे करून म्हणाला, "मॅडम, माझो खरो हात खंय असा तांच माका कळना नाय." वर्ग हसला, पण तो मुलगा हसला नाही. डोळ्यांना दिसणारे आणि कातडीला जाणवणारे यांची सांगड घालून मेंदू 'हे माझे' असे ठरवत असतो, आणि डोळ्यांना सतत भलतेच दाखवले तर तो त्यालाही आपले मानू लागतो.

मला काळजी वाटते ती इथेच. फिजी बेटांवरच्या नाद्रोगा भागात 1995 मध्ये दूरचित्रवाणी आली. भरल्या अंगाचे तिथे कौतुक होते, पाहुण्याला पोटभर जेवायला घालणे ही रीत होती. आपल्या किनाऱ्यापेक्षा फार वेगळे नव्हे. ॲन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा 1998 मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीच्या प्रश्नावलीत चिंताजनक गुण मिळालेल्या मुलींचे प्रमाण तीन वर्षांत 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेले होते. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि त्या काळात तिथे इतरही बदल होत होते, म्हणून सारा दोष एका पडद्यावर टाकता येत नाही. पण त्या मुलींनी स्वतःच मुलाखतींत पडद्यावरच्या बायकांसारखे दिसण्याची इच्छा बोलून दाखवली होती. आज आमच्या वर्गातल्या मुलीच्या हातातला पडदा दुसऱ्या कोणाचा नव्हे, तिचाच चेहरा गोरा, निमुळता करून तिला दाखवतो. मागच्या वर्षी एका हुशार मुलीने ओळखपत्रासाठी तसाच फोटो आणून दिला आणि साधा फोटो मागितल्यावर ती रडली. तिला त्या दिवशी मी नियम समजावून सांगितला; नाकाचे आणि आरशाचे हे सारे सांगायला हवे होते. यंदा जूनमध्ये पहिला तास मी त्यालाच दिला.

आईचा फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात, पाच-सहा पावले मागे उभी राहून घेतला आणि फोनमध्येच त्याची एक उलटी प्रतही केली. काही न सांगता दोन्ही तिच्यापुढे धरले. तिने उलट्या प्रतीवर बोट ठेवले: "ही मी." दुपारी मावशी आली, तिने क्षणभरही विचार न करता दुसरा निवडला आणि आईने निवडलेला फोटो पाहून म्हणाली, ह्यात ताई कशीशीच दिसते. एका घरातल्या दोघी बहिणींवरून काही सिद्ध होत नाही, हे मीच मुलांना शिकवते. मी दोन्ही छापून घेतले. मावशीने निवडलेला भावाच्या दिवाणखान्यात लागला आहे, आणि आईचा तिने स्वतः खिळा ठोकून पडवीच्या खांबावर, आरशाच्या खाली लावला आहे.