दिनविशेषाचे प्रश्न आणि तारखांचा गुंता

रोज सकाळी दिनविशेषावर पाच प्रश्न काढायचं काम आमच्या मित्रमंडळीत माझ्याकडे आलं, तेव्हा सगळ्यांची समजूत एकच होती. यादी उघडायची, पाच नोंदी उचलायच्या, शेवटी प्रश्नचिन्ह लावायचं, झालं काम. तशी प्रश्नमंजुषा होतेही, फक्त ती सोडवायला मजा येत नाही. ‘भारताचा पहिला उपग्रह कधी सोडला?’ याचं उत्तर एक तर पाठ असतं, नाहीतर नसतं. डोकं चालवायला मध्ये जागाच नाही. म्हणून मी एक नियम केला : तारीख प्रश्नात द्यायची, उत्तरात मागायची नाही. ‘१९ एप्रिल १९७५ला आर्यभट अवकाशात गेला. उपग्रह सोडू शकेल असं स्वतःचं रॉकेट तेव्हा भारताकडे नव्हतं. मग ते कोणाचं होतं?’ असं विचारलं की ज्याला ठाऊक नाही तोही त्या काळचं राजकारण आठवत सोव्हिएत संघापर्यंत पोचतो. पोचल्याचा आनंद त्याचा स्वतःचा असतो.

काही दिवस तर आयतेच भरलेले येतात. ७ नोव्हेंबर घ्या. मेरी क्युरी १८६७, लीझ माइटनर १८७८, चंद्रशेखर व्यंकट रामन १८८८, तिघांचाही जन्म याच तारखेचा. नुसतं ‘आज कोणाचा जन्मदिवस?’ असं विचारून हे वाया घालवणं पाप आहे. मी विचारलं, ‘या तिघांपैकी दोघांना नोबेल मिळालं आणि दोघींच्या नावाचं एकेक मूलद्रव्य आहे. नोबेल नाही पण मूलद्रव्य आहे, असं कोण?’ उत्तर माइटनर. अणुविखंडनाचा अर्थ लावणाऱ्या दोघांपैकी ती एक, पण त्या शोधाचं नोबेल एकट्या ऑटो हान यांना मिळालं. १०९ क्रमांकाचं मूलद्रव्य मात्र माइटनेरियम. त्या दिवशी उत्तरापेक्षा त्यानंतरचा वाद जास्त रंगला, आणि तो मला हवाच होता.

त्याच ७ नोव्हेंबरला रशियातली ऑक्टोबर क्रांती झाली, १९१७ साली. ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात का, हा प्रश्न शाळेतही विचारतात. रशियात तेव्हा ज्युलियन ही जुनी दिनदर्शिका चालू होती, तिथे त्या दिवशी २५ ऑक्टोबर होता. इथवर सोपं. आता त्या उठावाचा एक सूत्रधार ट्रॉट्स्की. त्याचा जन्मही ७ नोव्हेंबरचाच, १८७९चा. म्हणजे अडतिसाव्या वाढदिवशी क्रांती! वाक्य इतकं देखणं आहे की प्रश्न लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण जुन्या पद्धतीने त्याची जन्मतारीख २६ ऑक्टोबर आणि क्रांतीची २५. एका दिनदर्शिकेत दोन्ही एका दिवशी, दुसरीत एका दिवसाच्या अंतराने. कारण एकोणिसाव्या शतकात दोन्ही दिनदर्शिकांत बारा दिवसांचा फरक होता आणि विसाव्यात तेरा झाला. १९०० हे ज्युलियन हिशेबात लीप वर्ष, आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियनमध्ये नाही. मग मी प्रश्नच तो केला : एकाच माणसाचा वाढदिवस क्रांतीच्या दिवशीही येतो आणि दुसऱ्या दिवशीही, हे कसं? कठीण होता, हे मान्य. आठवड्यात असा एखादाच टाकायचा, नाहीतर लोक प्रश्न वाचायचेच बंद होतात.

तेव्हापासून १९२३च्या आधीची युरोपातली कोणतीही तारीख हातात आली की मी आधी विचारतो, ही कोणत्या दिनदर्शिकेतली? १९२३ अशासाठी की ग्रीसने नवी पद्धत त्या साली घेतली. इटली, स्पेन आणि पोर्तुगालने १५८२मध्येच घेतली होती, तिथे ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. ब्रिटनने १७५२पर्यंत वाट पाहिली. या मधल्या काळातल्या तारखा जपून हाताळाव्या लागतात. ‘गॅलिलिओ ज्या वर्षी वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ हे वाक्य कितीतरी याद्यांत सापडतं. गॅलिलिओ वारला ८ जानेवारी १६४२ला, इटलीतल्या नव्या हिशेबाने. न्यूटन जन्मला २५ डिसेंबर १६४२ला, इंग्लंडच्या जुन्या हिशेबाने. दोघांना एकाच दिनदर्शिकेत बसवलं की न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ला जातो आणि तो योगायोग संपतो. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण खरा योगायोग शिल्लक होताच. स्टीफन हॉकिंग जन्मले ८ जानेवारी १९४२ला, गॅलिलिओच्या मृत्यूला बरोबर तीनशे वर्षं झाली त्या दिवशी. आणि ते वारले १४ मार्चला, आइन्स्टाइनच्या जन्मतारखेला. ८ जानेवारीचा प्रश्न मी यावरच काढला.

याद्यांबद्दल एक सांगायला हवं. एकच तारीख दहा ठिकाणी दिसली म्हणजे ती दहा वेळा तपासलेली असते असं नाही. बहुतेक वेळा ती एकाच ठिकाणाहून नऊ जणांनी उतरवून घेतलेली असते. मी ज्ञानकोश आणि एखादं चरित्र, अशा दोन वेगळ्या वाटांनी एकच तारीख आली तरच घेतो. जुळली नाही तर नोंद सोडून देतो. ३६६ दिवसांत माणसं कमी नाहीत.

दिनदर्शिकेचा गुंता सुटला तरी घड्याळाचा राहतोच. माणूस चंद्रावर उतरला ती तारीख २० जुलै १९६९ म्हणून सगळ्यांना पाठ आहे. पण यान टेकलं तेव्हा भारतात रात्रीचे पावणेदोन वाजून गेले होते आणि २१ तारीख लागली होती. आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं तेव्हा तर आपल्याकडे सकाळ होती. म्हणून आता प्रश्नातच ‘अमेरिकेतल्या वेळेनुसार’ असं घालतो. प्रश्न जरा बोजड होतो, पण पुढची हुज्जत वाचते. (हुज्जत घालणारे ठरलेले आहेत आणि ते बहुधा बरोबर असतात.)

पर्याय लिहिणं हे मुख्य प्रश्न लिहिण्यापेक्षा वेळखाऊ आहे. चार्ल्स डार्विन आणि अब्राहम लिंकन एकाच दिवशी जन्मले, १२ फेब्रुवारी १८०९ला. ‘डार्विनबरोबर त्याच दिवशी कोण जन्मलं?’ असं विचारून लिंकनशेजारी अकबर आणि नेल्सन मंडेला ठेवले तर तो प्रश्न उरतच नाही. १८०९ साल मात्र दिलदार निघालं. लुई ब्रेल, एडगर ॲलन पो आणि लॉर्ड टेनिसन, तिघेही त्याच वर्षीचे. चारही पर्याय एकाच वयाचे ठेवले, त्यामुळे साल आठवून कोणालाच सुटता आलं नाही. उत्तराबरोबर उरलेल्या तिघांबद्दल एकेक ओळ लिहिली, आणि गंमत म्हणजे लोकांनी ब्रेलबद्दलच जास्त विचारलं.

घटना आणि वाढदिवस असे दोन रकाने मी वहीत केले होते. २९ मे त्या रकान्यांत बसेना. १९५३ साली त्या दिवशी एडमंड हिलरी आणि तेनझिंग नोर्गे एव्हरेस्टवर पोचले. तेनझिंगना स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती, त्यांनी नंतर हाच दिवस वाढदिवस म्हणून धरला. ती नोंद मी दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिली आहे.

काही तारखांना हात आखडतो. ६ ऑगस्टला हिरोशिमा येतं. मृतांचे आकडे चार पर्यायांत मांडून ‘बरोबर ओळखा’ म्हणणं मला जमत नाही आणि जमू नये. त्या दिवशी मी अलेक्झांडर फ्लेमिंगवर प्रश्न काढला, तोही ६ ऑगस्टचाच, १८८१चा. हिरोशिमाबद्दल प्रश्न नाही, खाली दोन साध्या ओळी लिहिल्या. एकाने विचारलं, आजचा मोठा विषय टाळलास का? टाळला नाही, फक्त त्याला गुण ठेवले नाहीत.

फोनवर शोधून उत्तर देणाऱ्यांवर उपाय म्हणजे हिशेबाचा प्रश्न. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६चा. त्यानंतर त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा २९ फेब्रुवारी कधी आला? भराभर १९०० अशी उत्तरं आली. ज्यांनी ट्रॉट्स्कीचा प्रश्न वाचला होता ते थांबले, आणि १९०४ म्हणाले. तोवर मोरारजी आठ वर्षांचे झाले होते.

वहीत अजून एक चांगला प्रश्न पडून आहे. स्वीडनने १७०० साली लीप दिवस गाळून नव्या दिनदर्शिकेकडे हळूहळू सरकायचं ठरवलं, पण पुढे तो बेत पाळला नाही. अधांतरी राहिलेला हिशेब पुन्हा ज्युलियनशी जुळवायला १७१२ साली त्यांनी फेब्रुवारीत दोन दिवस वाढवले, एक लीप वर्षाचा आणि एक जास्तीचा. त्यामुळे तिथे त्या वर्षी ३० फेब्रुवारी ही तारीख खरोखर आली. प्रश्न तयार आहे, पर्यायही तयार आहेत. माझ्याच नियमाने दिनविशेष त्या-त्या तारखेलाच विचारायचा, तेव्हा तो कोणत्या सकाळी टाकावा हे अजून ठरत नाही.