26 दिवस, एक उजवा कान आणि माझं धावणं

दिवाळीनंतर सकाळी धावायला लागलो, नागपुरात फुटाळ्यापासून सेमिनरी हिल्सकडे, कानात गाणी लावून. महिनाभर मस्त चाललं. डिसेंबरात इअरबड्सचा उजवा कान मेला.

वॉरंटी होती म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलो. माझं टोकन 41, आत चालू 12. नंबर लागला तर म्हणे बिल दाखवा, दाखवलं तर म्हणे हे नाव तुमचं नाही. भाच्याच्या अकाउंटवरून मागवले होते ना, तो पुण्यात! त्याचं आधार व्हॉट्सॲपवर मागवलं, दुसऱ्या दिवशी परत टोकन, तेव्हा सांगतात की डबी आणि दोन्ही कान जमा करा, सात दिवस लागतील. आठव्या दिवशी फोन केला तर "सर, पार्ट यायचा आहे". पंधराव्या दिवशीही पार्ट येऊनच राहिला होता. एकूण 26 दिवस लागले भाऊ, एका कानाला!

त्यातले पहिले नऊ दिवस मी पांघरुणातच. गाणं नाही तर काऊन उठायचं? बायको म्हणे, "पायानं धावता की कानानं?" दहाव्या दिवशी चिडून बर्डीच्या फूटपाथवरून 150 ची वायरवाली आणली. टाइप-सीचीच मागा, बऱ्याच नव्या फोनला गोल पिनेचं भोक नसते. वायर टी-शर्टच्या आतून घ्या, नाहीतर हाताला अडकून फोन पडतो, माझा पडला.

हां, गाण्यांचं राहिलंच. सुरुवातीला मी एकदम फास्ट गाणी लावायचो आणि पहिल्याच चढावर दम लागायचा. मग आरामात धावताना 30 सेकंद पावलं मोजली, 78 भरली, म्हणजे मिनिटाला 156. त्याच बीपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढेच ठोके असलेली गाणी निवडली, 78 वालं पण चालते, दोन पावलांना एक ठोका. मोजायला फुकट ॲप आहेत, तालावर बोट मारत राहायचं. आणि ही गाणी ऑफिसात, गाडीवर अजिबात ऐकायची नाहीत, ऐकायची तर धावतानाच. मला खरं उठवते ते हेच, तर्री पोहे नंतर.

शेवटी इअरबड्स मिळाले. उजवा कान नवा कोरा, पण आता डावा हळू वाजतो. परत टोकन घ्यायला मी काही जात नाही. तसंही समोरून गाड्या दिसाव्या म्हणून मी रस्त्याच्या उजव्या कडेनं धावतो, गाड्यांकडचा डावा कान उघडाच ठेवतो.