वहीच्या कव्हरवरचा मिशाळ वैमानिक

सहावीतल्या माझ्या भूगोलाच्या वहीला एका सोव्हिएत मासिकाच्या पानाचं कव्हर होतं. ऐंशीच्या दशकात शाळेत गेलेल्यांना तो कागद नक्की आठवेल. जाड, गुळगुळीत, ओलं बोट लागलं तरी न फाटणारा. वर्गणी अगदी नाममात्र असायची. अंक वाचून झाले की आई ते रद्दीत न टाकता पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवायची आणि जूनमध्ये वह्या आल्या की त्यांची कव्हरं निघायची. 1988 च्या जूनमध्ये माझ्या वाट्याला आलेल्या पानावर तीन अंतराळवीर होते. दोन गोरे रशियन आणि एक काळ्याभोर मिशांचा. हा मिशाळ अगदी आपल्यातलाच वाटायचा. बस स्टँडवर उभा असता तर कुणी वळूनही पाहिलं नसतं.

"हा आपला राकेश शर्मा का?" मी बाबांना विचारलं होतं.

"नाही गं. हा सीरियाचा. पण गेला तसाच, रशियन यानातून. आणि हाही एअर फोर्सचाच."

आमचं घर ओझर टाउनशिपमध्ये. बाबा एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात, असेंब्लीला होते, मिग-21 आणि नंतर मिग-27 या लढाऊ विमानांवर. गंमत अशी, की राकेश शर्मा 1987 मध्ये हवाई दलातून एचएएलमध्ये आले ते आमच्या नाशिक विभागातच, मुख्य चाचणी वैमानिक म्हणून. त्यामुळे ओझरच्या पोरांना अंतराळवीर म्हणजे कुठला तरी लांबचा देव वाटत नसे. आपल्या वडिलांनी जोडलेलं विमान जो उडवून बघतो तो माणूस, एवढं साधं ते गणित होतं. म्हणूनच वहीवरचा तो दुसरा, सीरियाचा, मला कायम शर्मांचा चुलतभाऊ वाटत आला.

त्याचं नाव मुहम्मद फारिस. अरबीत फारिस म्हणजे घोडेस्वार, आपल्याकडच्या शिलेदारासारखं. जन्म 26 मे 1951 चा, अलेप्पोचा. लष्करी वैमानिक, पुढे वैमानिकांचा प्रशिक्षक. अवकाशात गेलेले पहिले अरब म्हणजे सौदीचे राजपुत्र सुलतान बिन सलमान. ते जून 1985 मध्ये अमेरिकेच्या डिस्कव्हरी यानातून गेले. फारिस दुसरे, आणि सीरियाचे पहिले. सीरियाहून त्यानंतर कुणी गेलेलं नाही.

1985 मध्ये त्यांची निवड झाली आणि मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत जवळपास दोन वर्षं प्रशिक्षण झालं. सोव्हिएत संघाच्या इंटरकॉसमॉस कार्यक्रमात मित्रदेशांचे पाहुणे नेले जात. चेकोस्लोव्हाकियाचे रेमेक 1978 मध्ये पहिले, आपले शर्मा एप्रिल 1984 मध्ये. फारिस यांचं यान, सोयूझ टीएम-3, कझाकस्तानातल्या बैकानूरहून 22 जुलै 1987 ला उडालं. बरोबर अलेक्सांद्र विक्तोरेंको आणि अलेक्सांद्र अलेक्सांद्रोव्ह. दोन दिवसांनी ते मीर या सोव्हिएत अवकाशस्थानकाला जोडलं गेलं. मीर तेव्हा दीडच वर्षाचं होतं आणि तिथे जाणारे पहिले परदेशी पाहुणे फारिस होते.

वर दोघं आधीच होते, युरी रोमानेंको आणि आणखी एक अलेक्सांद्र, लावेयकिन. लावेयकिनच्या हृदयाच्या ठोक्यांत डॉक्टरांना काही अनियमितता दिसली होती. त्याला खाली आणायचं ठरलं आणि त्याच्या जागी अलेक्सांद्रोव्ह वरच राहणार होता. म्हणजे फारिस वर गेले दोन अलेक्सांद्रांबरोबर आणि उतरलेही दोन अलेक्सांद्रांबरोबर, फक्त त्यातला एक बदललेला.

यानही बदललेलं. हे मला बाबांनी समजावलं, कव्हर घालता घालता, आणि इतकं रंगून की जेवण थांबलं होतं. सोयूझच्या परतीच्या भागाचे छोटे थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारी इंजिनं, हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालतात. ते वर नुसतं राहिलं तरी हळूहळू विघटित होत जातं. त्यामुळे वर उभं असलेलं सोयूझ सहा-एक महिन्यांत बदलावं लागतं. पाहुणे नवं यान घेऊन जायचे, ते वर ठेवायचे आणि जुनं घेऊन खाली यायचे. शर्मांनीही हेच केलं होतं, टी-11 ने गेले आणि टी-10 ने आले. अशा वेळी प्रत्येकाच्या अंगाच्या मापाने बनवलेला खुर्चीचा साचा एका यानातून काढून दुसऱ्यात बसवावा लागतो. जमिनीवर आदळताना पाठीचा कणा वाचतो तो त्या साच्यामुळे. अलेप्पोच्या एका माणसाच्या पाठीचा साचा मीरवर एका यानातून दुसऱ्यात नेला जातोय, हे चित्र माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. बाबांना हे सांगताना जो आनंद व्हायचा तो फिटिंग करणाऱ्या माणसाचा आनंद होता. "उडणं सगळ्यांना दिसतं," ते म्हणायचे, "खुर्ची कुणी बसवली ते विचार."

फारिस यांच्या प्रयोगांना सीरियातल्याच ठिकाणांची नावं होती: पाल्मिरा, बोसरा, अफामिया, कासियून, युफ्रेटिस. आपण गडांची नावं द्यावीत तशी. युफ्रेटिस म्हणजे वरून सीरियाच्या भूमीचं निरीक्षण आणि छायाचित्रण. शिवाय ते दमास्कसची माती एका छोट्या कुपीत घालून बरोबर घेऊन गेले होते. राष्ट्राध्यक्ष हाफेज अल-असद यांच्याशी त्यांचं अवकाशातून बोलणं झालं, जसं शर्मांचं इंदिराजींशी झालं होतं. 30 जुलैला, सात दिवस तेवीस तासांनी, ते जुन्या टीएम-2 मधून कझाकस्तानच्या माळावर उतरले. सोव्हिएत संघाचा वीर हा किताब मिळाला, ऑर्डर ऑफ लेनिन मिळालं, देशात नाव घरोघरी पोचलं.

माझी वही पुढे फाटली आणि फारिस मी विसरले. ते परत भेटले 2012 च्या ऑगस्टमध्ये, एका बातमीत. सीरियाचा एकमेव अंतराळवीर बशर असदची, म्हणजे हाफेजच्या मुलाची, बाजू सोडून तुर्कीत गेला, दोन-तीन ओळींची बातमी. मी तेव्हा नाशकात शाळेत भूगोलच शिकवत होते. फोटोत मिशा पिकलेल्या होत्या. मी तो बघितला आणि त्याच संध्याकाळी ओझरला फोन लावला.

त्यानंतर मी मिळेल ते वाचत गेले. अवकाशातून आल्यावर या माणसाला आपल्या देशात अवकाशविज्ञानाची संस्था हवी होती. ती झाली नाही, आणि याचा सल त्यांनी नंतर मुलाखतींत बोलून दाखवला. मला स्वतःला ही गोष्ट फार लागते. शर्मा परत आले तेव्हा मागे इस्रो होती, थुंबा होतं, साराभाई होऊन गेले होते. फारिस परत आले तेव्हा मागे काय होतं? एक सत्कार, एक छायाचित्र, आणि ज्या यानातून उतरले ते दमास्कसमधल्या, इस्राएलशी झालेल्या 1973 च्या ऑक्टोबर युद्धाच्या संग्रहालयात मांडलेलं. तीनशे किलोमीटरहून वर जाऊन आलेल्या माणसाकडून एकही पोरगा पुढे काही शिकणार नाही, अशी व्यवस्था जर देशच करत असेल तर तो सत्कार कुणाचा होता, असं मला विचारावंसं वाटतं.

2011 मध्ये असदविरोधी निदर्शनं सुरू झाली तेव्हा ते साठीचे होते. मान होता, घर होतं. गप्प बसले असते तर कुणी काही विचारलं नसतं. ते आणि त्यांच्या पत्नी शांततेच्या मोर्चांना गेले. मग विमानं शहरांवर यायला लागली. ज्या हवाई दलात त्यांचं आयुष्य गेलं, तेच हवाई दल त्यांच्या अलेप्पोवर बॉम्ब टाकत होतं. देश सोडण्याचे आधीचे प्रयत्न फसल्यावर 2012 च्या ऑगस्टमध्ये ते कुटुंबासह सीमा ओलांडून गेले.

इथे मला बाबांबद्दल सांगायला हवं. सीरियाच्या हवाई दलाकडेही मिग होते, मिग-21 आणि मिग-23. ओझरला बनलेलं एकही विमान तिकडे गेलेलं नव्हतं, हे बाबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. तरी त्या वर्षी टीव्हीवर अलेप्पोच्या एका गल्लीवरून खाली झेपावणारं विमान दाखवलं आणि बाबांनी आवाज बंद केला. "एकवीस आहे," एवढंच म्हणाले. विमानाची जात ते शेपटीवरून ओळखतात. अशा विमानाच्या आतल्या नळ्या, तारा, रिव्हेट त्यांच्या हातांखालून तीस वर्षं गेल्या होत्या. आई चहा घेऊन आली, त्यांनी तो घेतला नाही. मी विचारलं, बाबा, काय झालं? म्हणाले, "त्या माणसाने शिकवलेली पोरं असतील गं त्यात." असतील की नसतील, बाबांकडे काही पुरावा नव्हता. पण प्रशिक्षकाच्या मनात पहिल्यांदा हेच येणार, हे एका कामगाराला बसल्या जागी कळलं होतं, आणि मी इतकं वाचूनही माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं.

फारिस पुढे इस्तंबूलला राहिले, फातिह भागात, जिथे तेव्हा हजारो सीरियन निर्वासित राहत होते. निर्वासितांसाठी बोलत राहिले, लोकशाहीसाठी बोलत राहिले. एका तुर्की कलाकाराने त्यांच्यावर एक कलाकृती केली, पृथ्वीवर जागा मिळत नसेल तर निर्वासितांनी मंगळावर जावं अशा कल्पनेची. त्यात फारिस स्वतः सहभागी झाले होते. इंटरकॉसमॉसच्या पाहुण्यांमध्ये असं नशीब आलेले ते एकटे नव्हते. त्यांच्या पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1988 मध्ये, मीरवर गेलेले अफगाणिस्तानचे अब्दुल अहद मोहमंद यांनाही देश सोडून जर्मनीत आश्रय घ्यावा लागला.

दरम्यान अरब जगातून पुन्हा माणसं अवकाशात जायला लागली. 2019 मध्ये अमिरातीचे हज्जा अल मन्सूरी, 2023 मध्ये सुलतान अल नेयादी, ज्यांनी अरबांपैकी पहिला स्पेसवॉक केला, आणि त्याच वर्षी सौदीच्या रय्याना बर्नावी, पृथ्वीच्या कक्षेत गेलेली पहिली अरब महिला. माझ्या वर्गातल्या मुलींना मी बर्नावींचा फोटो दाखवला. त्यांनी लगेच विचारलं, पहिले अरब कोण? मग मी सुलतानांचं नाव सांगितलं आणि दुसरे कोण हेही, कुणी विचारलं नव्हतं तरी. तास संपला तरी मी सांगत होते.

19 एप्रिल 2024 ला गाझियानतेपला, सीरियाच्या सीमेजवळच्या तुर्की शहरात, फारिस गेले. हृदयविकार. वय 72. त्यांना सीमेपलीकडे उत्तर सीरियात, विरोधकांच्या ताब्यातल्या अझाझ गावी दफन केलं. अलेप्पो तिथून गाडीने तासाभराच्या अंतरावर, पण तेव्हा तिथे असदचं सैन्य होतं. दमास्कसची माती वर नेऊन आणणारा माणूस शेवटी सीरियाच्याच मातीत गेला, पण आपल्या शहराच्या नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस अलेप्पो असदच्या हातून गेलं. 8 डिसेंबर 2024 ला दमास्कसही गेलं आणि असद पळाला. आठ महिनेसुद्धा झाले नव्हते. त्या रविवारी मी ओझरलाच होते. बाबा तेव्हा 78 चे, दिसायला कमी झालेलं, पण बातम्या लावायच्या म्हणजे लावायच्या. दमास्कसच्या चौकातली गर्दी बराच वेळ बघत होते.

"तो मिशाळ," म्हणाले, "त्याला कुठे पुरलंय म्हणालीस?"

"अझाझ."

त्यांनी माझ्या शाळेतला जुना ॲटलास मागितला. त्यात सीरियाचं पान होतं, अलेप्पो होतं, अझाझ नव्हतं. मी मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. बाबांनी भिंग लावून दोन्ही नकाशे पट्टीने ताडून पाहिले, मग पेन्सिलने अलेप्पोच्या वर, सीमेच्या रेषेला खेटून, एक ठिपका दिला आणि शेजारी बारीक अक्षरात नाव लिहिलं. झ नीट आला नाही म्हणून खोडून पुन्हा लिहिला.